सात शब्दांची चौकट

मी एक जुनी लाकडी चौकट आहे, आणि मित्रांनो, तुमच्याबद्दल माझं मत चांगलं नाही. 'मित्रांनो' म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते. तुमच्या वयाची शेकडो मुलं माझ्यासमोर उभी राहून गेली, पण त्यांतल्या एकानंही मला मित्र मानलं नाही. कुणी कर्कटकाच्या टोकानं माझ्या कडेवर शिव्या कोरल्या, कुणी माझ्या खाचेत च्युइंगगम भरलं. एका मुलीनं शेवटच्या दिवशी जाता जाता, खोलीत कुणी नाही असं पाहून, माझ्यावर थुंकून घेतलं. सगळ्यांनी मिळून माझं नाव 'खोडा' ठेवलं होतं. पूर्वी गुन्हेगाराचे पाय ज्यात अडकवून ठेवत, तो लाकडी खोडा. नाव मला लागलं, पण ते खोटं होतं असं म्हणवत नाही.

माझी लांबी हातभर. मधोमध तळहाताएवढी चौकोनी खिडकी आहे आणि ती आरपार आहे. खिडकीच्या मागच्या खाचेतून एक लांब पट्टी सरकत असे. पट्टीवर रंगाऱ्यानं काळ्या रंगात सात इंग्रजी शब्द काढले होते: हू, हूम, हूज, विच, दॅट, व्हेअर, व्हेन. खिडकीच्या दोन्ही बाजूंना कागदाची चिठ्ठी अडकवायची सोय. डाव्या चिठ्ठीवर वाक्याचा पहिला तुकडा, उजव्या चिठ्ठीवर उरलेला. खिडकीत एका वेळी एकच शब्द दिसतो. तो नेमका निवडला की दोन तुकड्यांचं एक वाक्य होतं. चुकला की वाक्य लंगडतं.

मला करून घेतलं ते इंग्रजी शिकवणाऱ्या एका मास्तरांनी. शाळा सुटल्यावर ते घरच्या पुढच्या खोलीत शिकवणी घेत. सुतारानं मला मोडीत निघालेल्या कपाटाच्या दारातून कापलं. रंधा मारता मारता त्याला राहवलं नाही.

"मास्तर, खिडकी करतोय खरी, पण हिच्यातून दिसणार काय?"

"शब्द."

"आणि वारा?"

मास्तर हसले नाहीत. सुतारानं माझ्यावरचा भुसा फुंकला आणि हळूच म्हणाला, "जा बाई. चांगल्या घरी पडलीस."

दोन खिळ्यांवर मला टांगलं गेलं, चौदा वर्षांच्या मुलाच्या छातीइतक्या उंचीवर. समोर दोन बाकं, कोपऱ्यात मास्तरांची खुर्ची, आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात चारशे चिठ्ठ्या. मास्तरांची पद्धत अशी होती. मुलानं माझ्यासमोर उभं राहायचं. मास्तर दोन चिठ्ठ्या अडकवणार. मुलानं पट्टी सरकवून शब्द खिडकीत आणायचा आणि सगळं वाक्य मोठ्यानं वाचायचं. बरोबर असलं की मास्तर 'गुड' म्हणत, चिठ्ठ्या काढत आणि पुढच्या लावत. चुकलं तर एक अक्षर बोलत नसत. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर माझ्या कडेवर आपटत. टक. म्हणजे पुन्हा. बरोबर येईपर्यंत बसायचं नाही आणि इतरांनी सांगायचं नाही. एका वाक्यापुढे पाऊण तास उभा राहिलेला मुलगा मी पाहिला आहे. मास्तरांनी आयुष्यात कुणाला छडी लावली नाही, हे ते अभिमानानं सांगत आणि पालक माना डोलवत. छडीचा वळ दोन दिवसांत जातो, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

शिकवण्यात मात्र त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. माणूस आला की हू, वस्तू आली की विच, जागेला व्हेअर, वेळेला व्हेन. जो करतो तो हू, ज्याला केलं जातं तो हूम. हूज हा मालकीहक्क सांगणारा. दॅट म्हणजे घरोब्याचा पाहुणा, माणसांतही बसतो, वस्तूंतही बसतो, पण आधी स्वल्पविराम पडला की त्याला दार बंद. एकदा ते सांगत होते, "आपल्या भाषेत 'जो' एकटा येत नाही. मागून 'तो' येतोच. जो येईल तो बसेल. इंग्रजीत एकट्यानंच दोन्ही घरं सांभाळायची."

स्वयंपाकघरातून आवाज आला, "म्हणजे सून म्हण की."

ती मास्तरांची थोरली बहीण. तिला सगळे आत्या म्हणत. मास्तरांची बायको लवकर गेली, तेव्हापासून घर आत्याच चालवत होती आणि मास्तरांना न घाबरणारी त्या घरातली ती एकटीच होती. बाकं गदागदा हसली. मास्तरांनी माझ्या कडेवर पेर आपटलं आणि हसू तिथंच थांबलं.

त्या दिवसांत माझा मान होता. दुसऱ्या शाळेचे एक मुख्याध्यापक सुतळीनं माझी मापं घेऊन गेले. मास्तरांनी मला वर्षातून दोनदा तेल लावलं. खरं सांगायचं तर मीही काही साधी नव्हते. हवा दमट झाली की मी फुगत असे, आणि ज्या मुलाचा हात थरथरत असेल त्याच्याच हातात पट्टी अडकवून धरत असे. त्यानं पट्टी ओढावी, ती हलू नये, मागची बाकं खुसखुसावीत. मला ते आवडायचं. खोडा म्हणता ना, मग घ्या.

या मुलांत मास्तरांची लेकही होती. तिला सूट नव्हती, उलट तिच्यावर नजर जास्त. शिवाय इतर मुलं सहा वाजता सुटत, ती सुटत नसे. जेवताना तिनं काही सांगायला सुरुवात केली आणि एखादा शब्द वाकडा पडला, तर मास्तर ताटाशेजारी पेर आपटत. टक. मग ती शब्द सरळ करी, आणि तोवर काय सांगायचं होतं ते विझून जाई. आत्या म्हणे, "अरे, पोरीला घास तरी गिळू दे. की घासालाही व्याकरण असतं?" मास्तर म्हणत, "चुकीचं बोललेलं ऐकू येत नाही मला." ते खरंच होतं. चूक कानावर पडली की त्यांना पुढचं काहीच ऐकू येत नसे.

लेकीला बापाकडून एकच गोष्ट हवी होती. त्यांनी एकदा तरी आपलं एक वाक्य शेवटपर्यंत ऐकावं, आणि त्यात काय म्हटलं आहे ते विचारात घ्यावं. शाबासकी नको होती, प्रेमाचे शब्दही नको होते. फक्त ऐकावं. मी हे सांगू शकते, कारण ती कधीकधी रिकाम्या खोलीत माझ्यासमोर उभी राहून आपली वाक्यं आधी घोकत असे.

एकोणीस वर्षांची असताना तिनं दोन दिवस एक वाक्य घोकलं. त्या खोलीत चारनंतर मुलांनी इंग्रजीच बोलायचं असा नियम होता, म्हणून इंग्रजीत. दुसऱ्या गावच्या छापखान्यात तिला मुद्रितं तपासायची नोकरी लागली होती. ज्या छापखान्यात मला नोकरी लागली आहे तो दुसऱ्या गावात आहे आणि मी सोमवारी निघते आहे, एवढंच ते वाक्य. शिकवणी सुटल्यावर ती उभी राहिली आणि बोलू लागली. छापखान्याला तिनं विच लावलं. टक. दॅट लावलं. टक. तिचे कान लाल झाले. तिनं व्हेअर लावलं आणि वाक्य एका दमात शेवटापर्यंत नेलं.

"गुड," मास्तर म्हणाले आणि डब्याचं झाकण लावून हात धुवायला गेले.

सोमवारी दारात बॅग पाहून त्यांनी आत्याला विचारलं, "ही कुठं निघाली?"

"तिनं सांगितलं तुला परवा. तू तिला 'गुड' म्हणालास."

लेक त्यांच्याकडे न बघता पायऱ्या उतरून गेली. ती अकरा वर्षं आली नाही.

माझेही दिवस फिरले. मुलांच्या हातात फोन आले. फोन चुकलेला शब्द न बोलता सुधारून देई आणि कुणालाही उभं करत नसे. दोन्ही बाकं रिकामी झाली, मग एक विकलं गेलं. मला खिळ्यांवरून उतरवून कपाटावर टाकलं. पुढे आत्यानं मला मोरीच्या खिडकीशी आडवं बांधून माझ्यावर पायपुसणी वाळत घातली. माझ्या खिडकीवर ओलं फडकं लोंबत असे. तुम्हाला हसू येत असेल तर हसा. तुम्ही दुसरं काय केलंत आजवर?

मग एका सकाळी मास्तर दाढी करताना मोरीत कोसळले. आठवड्यानं दवाखान्यातून आले तेव्हा त्यांची उजवी बाजू गेली होती. उजवा हात लुळा, उजवा पाय लुळा, आणि वाचा बंद. घरच्या भाषेतले शब्द तर पार पुसले गेले होते. तोंडातून नुसता घोगरा आवाज निघे. आत्या सत्तरीच्या पुढे गेलेली. तिनं लेकीला फोन केला. "माझे गुडघे गेलेत. याला मी उचलू की मला हा उचलणार? ये तू. प्रेमानं नको येऊस हवं तर, पण ये."

लेक आली. छापखान्यानं तिला घरी बसून काम करायची मुभा दिली होती, म्हणून बॅगेत मुद्रितांचे गठ्ठे होते. दिवसभर चुका शोधायच्या आणि समासात खुणा करायच्या, हीच तिची भाकरी. बाप खुर्चीत बसवलेला होता. उजवा हात मांडीवर कुणीतरी आणून ठेवल्यासारखा पडला होता. ती त्यांच्यासमोर उभी राहिली, त्या हाताकडे बघितलं आणि म्हणाली, "आता ठोका."

मास्तरांनी डोळे मिटले. आत्या म्हणाली, "पोरी, जीभ आवर." लेकीनं बॅग खाली ठेवली आणि खोलीत कामाला लागली.

सकाळी एक बाई येई. आजारी माणसांची अंघोळ-कपडे करणं हा तिचा धंदा. थोराड, कमी बोलणारी. ती मास्तरांना उठवून न्हाऊ घाली, खुर्चीत बसवी आणि दुसऱ्या घरी जाई. संध्याकाळी सहाला त्यांना खुर्चीतून पलंगावर न्यायचं काम लेकीचं. खुर्ची डाव्या अंगानं भिंतीला लागून होती, म्हणून तिच्या हाताशी उजवी बाजूच येई. ती लुळा उजवा हात मनगटाशी धरी आणि ओढी. मास्तर ओरडत. ते घास भरवतानाही ओरडत, पांघरूण घालतानाही, तिचं तोंड दिसलं तरी. त्यामुळे हे ओरडणं वेगळं आहे हे तिला कळलं नाही. ते डाव्या हातानं उजव्या खांद्याकडे दाखवत. "सदरा टोचतोय? सदरा नको? मग उघडे बसा," असं म्हणून ती पुन्हा ओढी. डावा हात तर ते खुर्चीला घट्ट धरून ठेवत, तिच्याकडे देतच नसत. मग ती आणखी जोर लावी.

एकदा ती बाई विसरलेली पिशवी न्यायला संध्याकाळी आली होती, तिनं हे पाहिलं. "ताई, हाताला धरू नका. खांदा उतरतो."

"त्या हाताला काही कळत नाही," लेक म्हणाली. "आणि तुम्ही मला शिकवू नका."

बाईनं मास्तरांकडे पाहिलं आणि पिशवी उचलून निघून गेली.

मी हे सगळं पाहत होते, कारण तोवर मला परत खोलीत आणलं होतं. बोलायला शिकवणारी एक डॉक्टरीण आठवड्यातून एकदा येई. ती म्हणाली होती, "यांचे शब्द गेलेले नाहीत, सापडत नाहीत एवढंच. ओळखीच्या वस्तूनं सुरुवात करा." आत्यानं मला मोरीतून सोडवलं, फडक्यानं पुसलं आणि लेकीपुढे धरलं. "ओळखीची म्हणजे ही. हिच्याइतकी माया त्यानं कुणा माणसावर केली नाही."

मला खुर्चीच्या दोन हातांवर आडवं ठेवलं जाई, ताटासारखं. चार वाजता लेक डबा उघडी, दोन चिठ्ठ्या अडकवी. मास्तरांनी डाव्या हातानं पट्टी सरकवायची. पहिल्या दिवशी 'द बॉय' आणि 'ब्रोक द कप रॅन अवे' यांच्यामध्ये त्यांनी व्हेन आणलं. हजारो मुलांना शिकवलेल्या माणसानं.

टक.

तिनं पेर आपटलं होतं. मधल्या बोटाचं, माझ्या त्याच कडेवर. मास्तर दचकले. तिनं पुन्हा चिठ्ठ्या सरळ केल्या आणि वाट बघत बसली, अगदी त्यांच्यासारखी, न बोलता. तिला बरं वाटत होतं. मला तिचा चेहरा खालून दिसत होता. आणि मलाही बरं वाटत होतं, हे तुमच्यापासून लपवत नाही. इतकी वर्षं मी त्यांच्या बाजूनं ठोके खाल्ले होते. आता ठोके माझ्यावर पडत होते, पण लागत त्यांना होते.

दार ओलांडता ओलांडता आत्या म्हणाली, "बापाची पेरं तुझ्या हाताला कधी फुटली गं?"

"डॉक्टरीण म्हणाली तेच करतेय."

"ती ठोक म्हणाली नव्हती."

महिनाभरात मास्तर दहातली चार-पाच वाक्यं जुळवू लागले. घरची भाषा आली नाही, पण ज्या चिठ्ठ्या त्यांनी स्वतः वर्षानुवर्षं लिहिल्या होत्या त्यांतले इंग्रजी शब्द एकेक करून वर येऊ लागले. लेक डाव्या हातात पेन्सिल देई आणि जुन्या चिठ्ठ्या उतरवून काढायला लावी, हाताला वळण म्हणून. दुपारभर ते वाकडी अक्षरं काढत. संध्याकाळी सहा वाजता ओढणं आणि ओरडणं चालूच होतं. हात मांडीवर पडून पडून सुजला होता. सदऱ्याची बाही बोटांवरून खाली येत असल्यानं सूज कुणाच्या नजरेत येत नव्हती. सकाळच्या बाईनं ती पाहिली असणार. पण शिकवू नका म्हटल्यावर ती कशाला सांगते?

मग मास्तरांनी एक वाक्य रचलं. उतरवून नव्हे, स्वतःचं. त्याला दोन दिवस लागले. चिठ्ठ्यांच्या पाठीवर, पेन्सिलीनं, एकेक अक्षर. डाव्या चिठ्ठीवर 'द हँड'. उजव्या चिठ्ठीवर 'यू पुल इज नॉट डेड'. जो हात तू ओढतेस तो मेलेला नाही. लिहून झाल्यावर त्यांच्या कपाळाला घाम आला होता. चार वाजता लेक आली, तेव्हा दोन्ही चिठ्ठ्या त्यांनी आपणच माझ्या बाजूंना अडकवल्या होत्या आणि पट्टी हू वर आणली होती.

ती खुर्ची ओढून बसली. मांडीवर मुद्रितांचा गठ्ठा होता, कानामागे पेन्सिल. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मित्रांनो, तिनं काय पाहिलं ते मी शपथेवर सांगते. तिनं खिडकी पाहिली. हाताला हू लागत नाही.

टक.

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. मग त्यांनी डाव्या हातानं उजव्या चिठ्ठीवर बोट ठेवलं आणि घशातून आवाज काढला.

"चिठ्ठी बरोबर आहे. शब्द बघा."

ते चिठ्ठीवर बोट ठेवूनच राहू शकले असते. त्यांनी मला ढकलून द्यायला हवं होतं, ओरडायला हवं होतं. पण ठोका पडला होता, आणि ठोका पडला की शब्द बदलायचा, हे त्या घरात सगळ्यांच्या हाडात मुरलं होतं. सगळ्यांत जास्त त्यांच्या. त्यांनी पट्टी सरकवली. व्हेअर. टक. हूज. टक. डावा हात कापत होता. मी दमट हवेनं थोडी फुगले होते, पण त्या दिवशी मी पट्टी अडवली नाही. जितकी मोकळी सोडता येईल तितकी सोडली. विच खिडकीत आलं.

"बरोबर," लेक म्हणाली. "शाबास." आणि तिनं दोन्ही चिठ्ठ्या काढून डब्यात टाकल्या, नव्या अडकवल्या.

मास्तरांचं तोंड उघडं राहिलं. त्यांनी त्या दिवशी पुढे काही केलं नाही. ती म्हणाली, "दमलात? एवढ्यात?" सहा वाजता तिनं त्यांना ओढून उठवलं आणि ते ओरडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या डुलकी काढत होती आणि लेक आतल्या खोलीत मुद्रितं तपासत होती. मास्तरांनी डावा हात लांबवून डबा गुडघ्यांवर ओढला, वरच पडलेल्या आपल्या कालच्या दोन चिठ्ठ्या काढल्या आणि माझ्या बाजूंना अडकवल्या. मग त्यांनी पट्टी धरली. मला वाटलं, विच आणताहेत. पण त्यांनी ती सरकवली आणि सरकवतच राहिले. हू गेलं, हूम गेलं, हूज, विच, दॅट, व्हेअर, व्हेन, आणि पट्टी माझ्या दुसऱ्या टोकातून अख्खी बाहेर आली. इतक्या वर्षांत पट्टी धुवायलासुद्धा कुणी पुरती काढली नव्हती. त्यांनी ती आपल्या मांडीखाली सरकवली आणि तिच्यावर बसून राहिले.

चार वाजता लेक आली. "पट्टी कुठंय?"

त्यांनी मांडी खुर्चीवर आणखी दाबली.

"बाबा, पट्टी द्या." तिनं खुर्चीखाली पाहिलं, डब्यात पाहिलं. "आता हा नवा हट्ट का? पट्टीशिवाय मी काय तपासू?"

ते हलले नाहीत. तिनं पेर उचललं आणि ते हवेतच राहिलं, कारण ठोकायला चूकच नव्हती. तिनं खाली पाहिलं. माझ्या खिडकीत शब्द नव्हता. मी त्यांच्या मांडीच्या वर आडवी होते, आणि खिडकीतून खाली पडलेला त्यांचा उजवा हात दिसत होता. बाही मागे सरकलेली. पंजाची पाठ सुजून तुकतुकीत झालेली, बोटं फुगलेली, मनगटावर चार निळे डाग. मधल्या बोटाच्या पेरावरचा घट्टा सुजेत बुडून गेला होता.

तिनं डावी चिठ्ठी वाचली, मग हात पाहिला, मग उजवी चिठ्ठी वाचली. काल तिनंच याला शाबास म्हटलं होतं. तिच्या कानामागची पेन्सिल जमिनीवर पडली आणि घरंगळत भिंतीपर्यंत गेली. ती तिनं उचलली नाही.

"दुखतो?"

मास्तर तिच्याकडे बघत होते, आणि त्या बघण्यात माया नव्हती. तिनं एका बोटानं त्यांच्या खांद्याला स्पर्श केला. ते ओरडले. या वेळी तिनं ते ऐकलं.

"कधीपासून?" ती म्हणाली. मग स्वतःशीच, "पहिल्या दिवसापासून."

दारात आत्या उभी होती. आत्या गप्प राहिल्याचं त्या घरात मी पहिल्यांदा पाहिलं.

त्या संध्याकाळी लेकीनं त्यांना उठवलंच नाही. खुर्चीतच उशा लावल्या आणि शेजारच्या दोघांना बोलावून त्यांना खुर्चीसकट पलंगापाशी नेलं. सकाळी बाई आली तेव्हा लेक दारातच होती.

"मला शिकवा."

बाईनं चपला काढल्या, हात धुतले. "सांगितलं होतं मी."

"हो. चुकलं माझं."

"चुकलं तुमचं, दुखलं त्यांना," बाई म्हणाली आणि बाह्या सारून कामाला लागली. तासभर दोघी उचलायची रीत घोटत होत्या. मधेच बाईनं लेकीच्या पाठीत चापट मारली. "वाका. माणूस आहे, बादली नाही." लेक वाकली.

डॉक्टरांनी तपासलं तर खांदा सांध्यातून बोटभर खाली उतरलेला. त्यांनी हाताला झोळी बांधली आणि विचारलं, "कुणी ओढला एवढा?"

"मी," लेक म्हणाली.

आता तुम्हाला वाटेल, मग बापलेकीचं जमलं. नाही जमलं. खांदा पुरता बरा झाला नाही. माझ्यावरचा अभ्यास बंद पडला, पट्टी आत्यानं चुलीत घातली. मास्तर त्यानंतर पाच महिने जगले. लेक रोज संध्याकाळी त्यांना नीट उचलून पलंगावर नेई, आणि ती उचलत असताना ते तोंड भिंतीकडे फिरवून घेत. तिनं कधी माफी मागितली नाही, कारण ज्याच्याकडे उत्तर द्यायला शब्द नाहीत त्याच्याकडे माफी मागणं तिला अन्यायाचं वाटलं. त्यांनीही तिची कधी मागितली नाही. पण त्या पाच महिन्यांत सहा वाजता ते एकदाही ओरडले नाहीत. त्या दोघांच्या हाती लागलं ते एवढंच, आणि ते मी पाहिलं आहे.

ते गेल्यावर लेकीनं मला आपल्याबरोबर नेलं. मी तिच्या कामाच्या टेबलामागे भिंतीला टेकून उभी असते. तिनं मला टाकून दिलं नाही, पुसलंही नाही. डाव्या-उजव्या बाजूला त्या दोन चिठ्ठ्या अजून अडकवलेल्या आहेत. पेन्सिल पुसट होत चालली आहे.

अशा कहाणीच्या शेवटी माझ्यासारख्या वस्तू काहीतरी मागतात. आम्हाला जपा, तेल लावा, अडगळीत टाकू नका. मला तुमचं तेल नको. तुम्ही माझ्यावर शिव्या कोरल्यात, मी तुम्हाला ताटकळत ठेवलं, आपला हिशेब फिटला. पण तुमच्या घरी कधीतरी कुणाला तरी उठवायची वेळ येणारच आहे, आणि ती तुमच्यावर येईल. तेव्हा हाताला धरून ओढू नका, लुळ्या हाताला तर मुळीच नाही. आधी सांगा की आता उचलणार आहे. त्यांचे पाय जमिनीला टेकले आहेत का बघा. गुडघ्यांत वाका आणि अगदी जवळ जा, त्यांचा श्वास तुमच्या मानेला लागेल इतक्या जवळ. तुम्हाला ते आवडत नसतील, त्यांना तुम्ही आवडत नसाल, तरी जा. दोन्ही हात त्यांच्या पाठीमागे नेऊन कमरेभोवती घाला. मग तीनपर्यंत मोजा, आणि त्यांच्याबरोबर उभे राहा.